नाशिकमध्ये स्वस्तात उतरायचंय? आधी सकाळी कुठे पोचायचंय ते सांगा

आमचं घर इंदिरानगरला, वन बीएचके. त्यामुळे नाशिकला येणारे पाहुणे जेवायला आमच्याकडे आणि झोपायला लॉजवर, असा न बोलता करार झालेला आहे. फोन ठरलेला असतो: "अगं, दोन दिवस नाशिकला यायचंय, स्वस्तातलं बरंसं हॉटेल सांग ना." मी नाव सांगत नाही. आधी विचारते, "दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कुठे पोचायचंय?"

समोरच्याला वाटतं, ही विषय टाळतेय. पण नाशिकला येणारा माणूस बहुधा सकाळच्याच कामाला येतो. रामकुंडावर दशक्रिया, त्र्यंबकला पूजा, कोर्टात तारीख, सिव्हिलमध्ये दाखवायचं, मुलीची परीक्षा, नाहीतर सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस. दुपारनंतर थोडा उशीर चालतो. सकाळी मात्र द्वारका चौकात अडकलात की कामाचे बारा वाजलेच. म्हणून आधी सकाळ, मग भाग, आणि हॉटेल शेवटी. बरेचजण उलटं करतात: मोबाइलवर 'नाशिक' टाकायचं, सगळ्यात कमी दर वर आणायचा आणि पहिल्यावर बोट दाबायचं.

मीही एकदा दाबलं होतं. आत्याच्या दिरांचा दशक्रिया विधी होता, जळगावहून अकरा माणसं येणार होती. ॲपवर 'रामकुंडापासून जवळ' असं लिहिलेलं लॉज मी घेतलं. प्रत्यक्षात ते हायवेच्या पलीकडे निघालं आणि खोल्या तिसऱ्या मजल्यावर. फोनवर मी विचारलं होतं, "लिफ्ट आहे ना?" "आहे ना मॅडम." होतीच लिफ्ट. तिच्या दाराला झाडू टेकवून ठेवला होता आणि आत पाण्याचे रिकामे जार रचले होते. गुडघ्यांचं दुखणं घेऊन आत्या प्रत्येक वळणावर पायरीवर बसत वर गेली. तेव्हापासून 'लिफ्ट आहे का' असं मी विचारतच नाही. 'लिफ्ट आज चालू आहे का' असं विचारते.

पहिली पायरी: गाव डोक्यात नीट बसवा

बाहेरून येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो रेल्वेचा. नाशिकचं स्टेशन म्हणजे नाशिकरोड, आणि ते मूळ गावापासून 9-10 किलोमीटर लांब आहे. 'स्टेशनजवळ' हे शब्द मुंबई-पुण्यात सोयीचे वाटतात. इथे त्यांचा अर्थ 'गावापासून लांब' असाही होतो.

गावाच्या मधून गोदावरी जाते. आम्ही तिला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे गोदाघाटावर. गंगेच्या एका काठाला पंचवटी, दुसऱ्या काठाला जुनं नाशिक: रविवार कारंजा, मेनरोड, भांडीबाजार. तिथून थोडं पुढे शालिमार आणि सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, त्याखाली मुंबई नाका आणि द्वारका, जिथून मुंबई-आग्रा हायवे जातो. पश्चिमेला गंगापूर रोड, कॉलेज रोड. सातपूर, अंबड, सिडको कारखान्यांच्या बाजूला. आग्नेयेला पुणे रस्त्याने नाशिकरोड. विमानतळ ओझरला, शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर. त्र्यंबकेश्वर 28-30 किलोमीटर, वणीचा गड 60 च्या आसपास, शिर्डी 90 च्या घरात.

कागदावर फक्त तीन टिंबं काढा: गाडी कुठे उतरवणार, सकाळचं काम कुठे, परतीची गाडी कुठून. दोन टिंबं एकाच भागात पडली तर तिथेच राहा. तिन्ही तीन दिशांना असतील तर सकाळच्या कामाचं टिंब जिंकतं.

दुसरी पायरी: भाग निवडा

पंचवटीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त फोन तिच्याचसाठी येतात. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर हे सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, निमाणी या पट्ट्यात स्वस्त लॉज आणि धर्मशाळा भरपूर आहेत, काही धर्मशाळा विशिष्ट समाजाच्या. खोल्या साध्या असतात, पण लॉजवाल्यांना विधींच्या गरजा पाठ असतात. विधी करून आलेली माणसं ओली असतात, मुंडण झालेलं असतं, अंघोळ करून लगेच निघायचं असतं. अशांसाठी काही ठिकाणी दोन-चार तासांपुरती खोली मिळते. विचारा, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. अकरा माणसं असली तरी खोल्या दोनच घ्या, एक बायकांना, एक पुरुषांना. मुक्काम नसेल तर बाकीच्या खोल्यांचे पैसे फुकट जातात.

पंचवटीचे तोटेही ऐका. पहाटे चारपासून आवाज: घंटा, लाउडस्पीकर, भाविकांच्या बस. गल्ल्या अरुंद, त्यामुळे लॉजच्या दारात गाडी लागेलच असं नाही. 'पार्किंग आहे' याचा अर्थ बरेचदा 'गंगेवर लावा' असा असतो. पावसाळ्यात हे अजिबात करू नका. वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरचं पाणी बघता बघता चढतं. इथे पुराचं माप म्हणजे घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती: पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर गावभर चर्चा चालते. घाटावर लावलेल्या गाड्या वाहून जाताना नाशिककरांनी पाहिल्या आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये काठाला लागून असलेल्या लॉजची तळमजल्याची खोली मी तरी कुणाला सुचवत नाही.

सीबीएस, शालिमार, त्र्यंबक नाका हा माझा आवडता पट्टा. दिसायला काही नाही, हॉर्न आणि फेरीवाले. पण जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर ऑफिस हाकेच्या अंतरावर, सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडला लागून, जुनं सीबीएस, ठक्कर बाजार आणि मेळा ही तिन्ही बसस्थानकं जवळजवळ. पहिल्यांदाच येताय आणि कामं चार दिशांना विखुरलेली आहेत, तर डोळे मिटून इथे उतरा. रात्री अकराला बसने उतरवलं तरी चालत खोलीवर जाता येतं, एकट्या बाईला हे मोलाचं आहे. खोली मागताना फक्त 'रस्त्याकडची नको, मागची द्या' एवढं म्हणा. मागच्या खोलीची खिडकी बहुधा दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, पण झोप लागते.

नाशिकरोडला तेव्हाच उतरा, जेव्हा काम नाशिकरोडलाच आहे. पहाटेची गाडी पकडायची आहे, विभागीय आयुक्तालयात काम आहे, नोटांच्या प्रेसमध्ये मुलाखत आहे, किंवा मध्यरात्री गाडीतून उतरणार आहात. स्टेशन ते बिटको चौक या टापूत लॉज आहेत, आणि मुक्तिधाम मंदिराकडे देवस्थानची राहायची सोयही आहे. सकाळी रामकुंडावर जायचं असेल तर मात्र इथली स्वस्त खोली महागात पडते. हिशेब बघा. समजा नाशिकरोडला खोली 900 ला आणि सीबीएसजवळ 1,200 ला मिळतेय. वाचले 300. आता चार माणसं, सामान, म्हणजे अख्खी रिक्षा. जायचे समजा 250, यायचे 250. वाचवलेले 300 गेले, वर 200 आणि दीड तास गेला. एकटे असाल आणि पाठीवर एकच बॅग असेल तर सिटीलिंकची बस किंवा शालिमारपर्यंतची शेअर रिक्षा आहे, मग गणित बदलतं. म्हणून खोलीच्या दरात दोन वेळचं रिक्षाभाडं मिळवूनच तुलना करा.

मुंबई नाका आणि द्वारका हे स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांचे आणि एका रात्रीपुरते थांबणाऱ्यांचे भाग. महामार्ग बसस्थानक मुंबई नाक्यालाच आहे. हायवेकडे तोंड असलेल्या खोलीत रात्रभर ट्रक अंगावरून गेल्यासारखे वाटतात.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर इकडे खायला-प्यायला उत्तम, रस्ते रुंद, झाडं आहेत, पण स्वस्त खोली कमी. क्लासला, कॉलेजला मूल सोडायला येणारे पालक इकडे राहतात. दोन दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पेइंग गेस्ट म्हणून चार-आठ दिवस ठेवून घेणारे सापडतात, तो पर्याय हॉटेलपेक्षा बराच हलका. द्राक्षमळे आणि वाइनरी बघायला येणाऱ्यांनाही हीच बाजू सोयीची, मात्र शनिवार-रविवारचे दर वेगळे असतात.

सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा: कंपनीच्या कामाला आलात तर इथेच राहा, नाहीतर नको. पाथर्डी फाट्याहून पांडवलेणी जवळ, एवढाच पर्यटनाचा फायदा. परीक्षेला येणाऱ्यांनी हॉलतिकिटावरचा पत्ता नीट वाचावा. 'नाशिक' एवढंच वाचून माझा मावसभाऊ परभणीहून आला, सीबीएसला उतरला, आणि केंद्र निघालं आडगावच्या पुढे. म्हसरूळ, आडगाव, महिरावणी ही सगळी नावं 'नाशिक' या एका शब्दात मावतात.

देवळाली कॅम्प कुणी विचारत नाही, पण घाई नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी तेच सांगते. हवा छान, जुनी सॅनिटोरियम, संध्याकाळी रस्त्यावर शांतता. देवळालीला रेल्वे स्टेशनही स्वतंत्र आहे, फक्त सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

राहिलं त्र्यंबक. तिथली पूजा सकाळी लवकर असेल तर नाशिकला राहू नका, आदल्या संध्याकाळीच त्र्यंबकला जा. नारायण नागबली तीन दिवस चालते, रोज ये-जा करण्यात काही अर्थ नाही. ज्या गुरुजींकडे पूजा ठरवली त्यांना आधी विचारा, 'राहण्या-जेवणाचं दक्षिणेत धरलंय का वेगळं?' अनेक गुरुजींकडे यजमानांसाठी खोल्या असतात. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवासही त्र्यंबकला आहे. स्वच्छतेच्या बाबतीत मी ते कित्येक हॉटेलांच्या वर ठेवीन, पण गर्दीत तिथे खोली मिळणं नशिबाचा भाग.

तिसरी पायरी: तारीख पंचांगात बघा

नाशिकचे दर कॅलेंडरपेक्षा पंचांगावर जास्त हलतात. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, तेव्हा त्र्यंबक आणि त्र्यंबक रोड भरलेला. पौषात निवृत्तिनाथांची यात्रा. चैत्रात आणि नवरात्रात वणीला जाणारे. लग्नाच्या दाट तिथींना लॉन्सवाल्या भागातली हॉटेलं वऱ्हाडाने आधीच धरलेली असतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात. ते बघायला येत असाल तर गावात उतरा, नाहीतर त्या दिवशी मेनरोड-रविवार कारंजा टाळा, पांढरा शर्ट घालून कोर्टात पोचणं अशक्य.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान जाहीर झालेलं आहे. स्नानाच्या तारखांच्या आगेमागे कामासाठी यायचं असेल तर तारीखच बदलून घ्या. बदलत नसेल तर गंगेपासून लांब, म्हणजे पाथर्डी फाटा, सातपूर, नाशिकरोड बघा. सकाळच्या कामाचं टिंब जिंकतं हा माझा नियम फक्त इथे मोडतो, कारण पंचवटीकडचे रस्ते वाहनांना बंद होतात.

चौथी पायरी: फोन करा, आणि नेमकं विचारा

भाग ठरला की नकाशावर त्या भागातली तीन-चार लॉज काढा. तारे बघू नका. कमी गुण देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा, तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतलं. 'स्टाफ उद्धट' हे मी सोडून देते, 'पाणी नव्हतं' आणि 'ढेकूण' हे सोडत नाही. मग थेट काउंटरला फोन. ॲपवरचा दर सांगून विचारा, 'थेट आलो तर किती?' छोट्या लॉजला ॲपचं कमिशन वाचत असतं, त्यामुळे थोडं कमी होतं. नाही झालं तर निदान मागची खोली मिळते.

विचारायच्या गोष्टींत सगळ्यात वर चेकआउट. दोन पद्धती आहेत. 'चोवीस तास' म्हणजे पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत. 'बारा वाजता' म्हणजे पहाटे पाचला आलात तरी त्याच दुपारी बाराला एक दिवस संपला. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याने हे विचारलं नाही तर एका झोपेचे दोन दिवसांचे पैसे भरावे लागतात. जुन्या लॉजांमध्ये चोवीस तासांची पद्धत अजून सापडते.

दुसरं गरम पाणी. नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते. 'गरम पाणी आहे का' याला उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी, 'गीझर खोलीत आहे की सोलर? किती ते किती?' सोलर असेल तर पावसाळ्यात ढगाळ दिवशी पाणी कोमट येतं, आणि 'सहा ते नऊ' असेल तर पहाटे साडेचारला रामकुंडावर जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

मग भराभर: लिफ्ट आज चालू आहे का, जास्तीच्या माणसाचे किती आणि त्यात गादी मिळते की नुसती चटई, गाडी कुठे लावायची, रात्री गेट किती वाजता बंद होतं. स्थानिक पत्त्याचं आधार असेल तर काही लॉज खोली देत नाहीत, तेही आधीच विचारून घ्या. घराचं रंगकाम काढलंय म्हणून दोन रात्री बाहेर झोपायचं ठरवलेले आमचे शेजारी दोन ठिकाणांहून परत आले होते.

उत्तरं देणाऱ्याचा सूर ऐका. 'या तर खरं, करून देऊ' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'सोलर आहे, सात वाजेपर्यंतच' असं रोखठोक सांगणारा माणूस मला बरा वाटतो. शक्यतो पूर्ण पैसे आधी भरू नका. थोडा ॲडव्हान्स देऊन मेसेजवर तारीख, दर आणि चेकआउटची वेळ लिहून घ्या.

पाचवी पायरी: खोली बघूनच सामान वर न्या

काउंटरवर 'आधी खोली बघते' म्हणायला संकोचू नका, सामान आणि मंडळी खालीच थांबू द्या. मी आत गेल्यावर आधी पंखा लावते, मग बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडते आणि त्याच वेळी फ्लश ओढते. दोन्ही एकत्र चाललं तर वरची टाकी भरलेली आहे. नळ फुसफुसला तर सकाळी सगळे एकदम अंघोळीला गेले की काय होणार ते कळलं. मग गादीचा कोपरा उचलून शिवणीवर मोबाइलचा उजेड टाकते. काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण, तिथे पुढे बघायचं काही राहत नाही. चादर डागाळलेली असली तर बदलून मिळते, ढेकूण बदलून मिळत नाहीत. शेवटी दार आतून लावून कडी नीट बसते का ते बघायचं, आणि खिडकी उघडून बाहेर काय आहे ते. एकदा खिडकीखालीच मंगल कार्यालयाचा जनरेटर होता.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतात, रजिस्टरमध्ये नोंद होते. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा मास्क्ड आधार सोबत ठेवा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मोबाइलवर फोटो काढू देऊ नका.

बिलाचं एकच सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. 1,000 च्या खोलीला 50 रुपये, 120 नव्हे. जीएसटी लावला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला हवा. क्रमांक नाही आणि टॅक्स मात्र घेतलाय, असं दिसलं तर शांतपणे तेवढी रक्कम वजा करायला सांगा. बहुतेक वेळा काउंटरवरचा माणूस दुसरं पावतीपुस्तक काढतो. नाहीच ऐकलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

खोली सोडल्यावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅगा काउंटरला ठेवून घेतात, जुन्या ओळखीच्या लॉजांत त्याचे पैसेही लागत नाहीत. मात्र तुमची गाडी नाशिकरोडहून असेल तर बॅगा घ्यायला परत सीबीएसला यायचं आहे हे विसरू नका. पुणे रोडच्या संध्याकाळच्या गर्दीसाठी हाताशी एक तास जास्तीचा ठेवून निघा.